विद्यापीठातली नोकरी: शिक्षकेतरांनो, तुमचे अनुभव लिहा

भाचीने विद्यापीठात कनिष्ठ लिपिकपदासाठी अर्ज भरलाय. "मामा, नोकरी कशी असते?" असं तिने विचारलं. मी 2005 च्या जूनपासून परीक्षा विभागात आहे, पण एकट्याच्या अनुभवावर तिला काय सांगू? तुम्हीही लिहा. सुरुवात मी करतो.

आमच्याकडे उन्हाळी परीक्षेचे निकाल लागले की दोन महिने घरचे आम्हाला विसरतात. खिडकीवर रांग, त्यात निम्मे 'निकाल राखीव'वाले. एकदा यवतमाळकडचा एक मुलगा आला. दुसऱ्या दिवशी त्याला प्रवेशासाठी गुणपत्रिका दाखवायची होती. कॉलेजने अंतर्गत गुण पाठवले होते, पण पीआरएनमधले, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकातले, दोन आकडे उलटे पडले होते. मूळ गुणतक्ता शोधायला चार तास लागले. संध्याकाळी सहा वाजता त्याच्या हातात कागद पडला. या नोकरीत मला जे काही मिळालं, त्यात हे सगळ्यात वर.

पेन्शनचंही सांगतो. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी रुजू झालो, म्हणून मला जुनी पेन्शन. शेजारच्या टेबलावरचा मित्र 2006 चा. काम तेच, पण त्याला जुनी पेन्शन नाही. त्याच्यासमोर मी निवृत्तीचा विषय काढत नाही.

ग्रंथालय, कंत्राटी, 11 वर्षे
दादा, भाचीला आधी हे सांगा की कायम आणि कंत्राटी या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. माझा आदेश 11 महिन्यांचा. मग एक दिवसाचा खंड, मग नवा आदेश. असे किती झाले ते मोजणं मी सोडलंय. पुस्तकांची नोंद, नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, पीएचडीवाल्यांना जुने प्रबंध काढून देणं, सगळं मी करते. बाळंतपणात मात्र पगार थांबला, आणि परत घेतील की नाही या काळजीने मी दोन महिन्यांचं बाळ सासूबाईंकडे ठेवून रुजू झाले. पुस्तकांवर माझा जीव आहे. म्हणून तर जास्त लागतं.

शिपाई म्हणून लागलो, आता वरिष्ठ लिपिक
माझं चांगलंच झालं. दहावीवर लागलो. साहेबांनी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणून दिला, नोकरी करत बीए झालो. क्वार्टर आवारातच, त्यामुळे मुली अभ्यासिकेत वाढल्या. थोरली आज प्राध्यापक आहे.

आस्थापना विभाग
जागा भरत नाहीत, हे खरं दुखणं. माणूस निवृत्त होतो, त्याचं टेबल उरलेल्यांत वाटलं जातं. एकाच्या अंगावर तीन टेबलं, मग टिपणीला उशीर, मग शिव्या. 2023 च्या फेब्रुवारीत आम्ही आश्वासित प्रगती योजनेसाठी (बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी योजना) संपावर गेलो तेव्हा परीक्षा अडल्या. मुलांचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण वर्षानुवर्षं निवेदनं देऊन कुणी पाहिलं नव्हतं. आणि 'शिक्षकेतर' हा शब्दच बघा: आम्ही कोण आहोत हे नाही, कोण नाही एवढंच तो सांगतो.

धागाकर्ता
ताई, तुमचं वाचून भाचीची जाहिरात पुन्हा काढून बघितली. पद मंजूर आकृतिबंधातलं, म्हणजे सरकारने मान्य केलेल्या पदांपैकी आहे, कायम आहे. तिला अर्ज राहू दे म्हटलं. प्रबंधांच्या कपाटांबद्दल मात्र अजून लिहा, तिला वाचायचंय.