कोका-कोला आणि बाहेरची परिस्थिती: सहा रकान्यांच्या पलीकडे काय शिकवावं?

रकानेभरती
एम.कॉम.च्या वर्गाला व्यावसायिक पर्यावरण शिकवायचं आहे, उदाहरण कोका-कोलाचं. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय आणि कायदेशीर असे सहा रकाने सगळेच भरतात. 'शासकीय धोरणाचा परिणाम होतो', 'आरोग्याविषयी जागरूकता वाढली आहे' असली वाक्यं उत्तरपत्रिकांत धो धो येतात. मला हवंय ते असं: बाहेर अमुक घडलं म्हणून कंपनीनं तमुक केलं आणि त्याची झळ कुणाला बसली. शक्यतो भारतातली उदाहरणं द्या.

ताळेबंद
रकाने राहू द्या. आधी फळ्यावर एवढंच लिहा की ही कंपनी मुळात बाटल्या विकत नाही, अर्क विकते. त्याला कॉन्सन्ट्रेट म्हणतात, पुण्याजवळ पिरंगुटला त्याचा कारखाना आहे. पाणी, साखर, वायू, बाटली, ट्रक हे सगळं बॉटलरच्या, म्हणजे पेय तयार करून बाटल्या भरणाऱ्या कंपनीच्या गळ्यात. ब्रँडची जाहिरात कंपनी करते, पण तो खर्च अर्काच्या किमतीत धरलेला असतो. याच मुद्द्यावर जाहिरातीच्या सेवाकराची वजावट मागत कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि 2009मध्ये जिंकली. मुलांना तो निकाल वाचायला द्या, धंद्याची रचना पाठ्यपुस्तकापेक्षा त्यातून चांगली कळते.

ही रचना लक्षात आली की 1977 समजतं. 1973च्या फेरा म्हणजे परकीय चलन नियमन कायद्यानं परकीय भागभांडवल 40 टक्क्यांवर आणायला सांगितलं, उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. अडलं ते अर्काच्या सूत्रावर. सूत्र भारतीय भागीदाराच्या हाती गेलं तर विकायला उरतं काय? कंपनीनं गाशा गुंडाळला. मोकळ्या जागेत सरकारी 'डबल सेव्हन', कॅम्पा आणि पार्लेचं थम्स अप आलं.

पेप्सीनं 1988मध्ये उलटा रस्ता धरला: पंजाबात टोमॅटो प्रक्रिया, निर्यातीची हमी, भारतीय भागीदार आणि नावसुद्धा 'लेहर पेप्सी'. कोक परतलं 1993मध्ये, म्हणजे 1991च्या सुधारणांनंतर, आणि आल्या आल्या पार्लेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा हे ब्रँड घेतले. खरी खरेदी होती ती त्यांच्यामागच्या बॉटलरांच्या जाळ्याची.

आताही तीच रीत चालू आहे. भांडवल खाणारं काम दुसऱ्याकडे द्यायचं. 2024च्या सुरुवातीला राजस्थान, बिहार, ईशान्य भारत आणि पश्चिम बंगालचा काही भाग स्वतःच्या बॉटलिंग कंपनीकडून इतर बॉटलरांकडे गेला. 2025मध्ये त्या बॉटलिंग कंपनीच्या पालक कंपनीतला 40 टक्के हिस्सा जुबिलंट भारतीया समूहाकडे गेला.

क्रेट_चोवीस
वरचं सगळं बरोबर, पण धोरण रोज ठरतं ते छापील किमतीत. ₹20ची सोडा-वर्गातली, म्हणजे वायू असलेल्या पेयाची बाटली घ्या. कर 40 टक्के, म्हणजे ₹5.71 सरकारचे, उरले ₹14.29. सप्टेंबर 2025पर्यंत हेच 28 टक्के जीएसटी अधिक 12 टक्के उपकर असं लिहायचे, आता सरळ 40. ग्राहकाच्या दृष्टीनं फरक शून्य. पण वायू नसलेलं फळांचं पेय 12वरून 5 टक्क्यांवर आलं. ₹20च्या 'माझा' या आंब्याच्या पेयात कर आधी ₹2.14 जायचा, आता 95 पैसे. कंपनीनं आंब्याकडे जास्त लक्ष द्यावं की कोलाकडे, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. (उरलेलं निम्मं आंब्याच्या हंगामात. गर वर्षातून एकदाच मिळतो, तेव्हाच पिंपं भरून ठेवावी लागतात आणि पैसा वर्षभर अडकतो.)

आता ₹10ची बाटली. रिलायन्सनं कॅम्पा 2022मध्ये विकत घेतला, 2023मध्ये 200 मिली ₹10ला बाजारात आणला. कर वजा जाता ₹7.14. त्यातच दुकानदार, वितरक, गाडीभाडं, प्लास्टिक, झाकण, अर्क, साखर. कोलात 100 मिलीला साधारण 10.6 ग्रॅम साखर धरली तर 200 मिलीत 21 ग्रॅम. किलोला ₹40 धरा, 85 पैसे झाले. साखर किलोमागे ₹5 वाढली की बाटलीमागे 11 पैसे वाढतात. छापील किंमत ₹10.11 करता येत नाही, गिऱ्हाईक एक नाणं टेकवतं आणि बाटली उचलतं. मग मिली कमी करा, बाटलीचं प्लास्टिक पातळ करा, नाहीतर कुणाचं तरी मार्जिन कापा. पूर्वी मिलीला हात लावणंही सोपं नव्हतं, वजनमापाच्या नियमांत 200, 250, 300 अशी मापं ठरलेली होती. नोव्हेंबर 2021च्या दुरुस्तीनं ती यादी काढली आणि त्याऐवजी एककाची, म्हणजे दर मिली किंवा लिटरची किंमत छापणं आलं.

प्लास्टिक पातळ केलं की दुसरी कटकट सुरू होते. वायू बाटलीच्या भिंतीतून हळूहळू निसटतो. सारख्याच घडणीची 200 मिलीची बाटली आणि 2 लिटरची शेजारी ठेवा. छोटीत दर मिलीमागे भिंत दुपटीहून जास्त येते. म्हणून छोटी बाटली लवकर मरते. विदर्भातलं एप्रिलचं पत्र्याचं गोदाम असेल तर विचारूच नका. स्वस्त बाटली विकायची तर कारखाना जवळ हवा आणि माल पटापट फिरायला हवा.

2003चा ₹5चा 200 मिली 'छोटा कोक' काचेच्या परतीच्या बाटलीत होता. तिथे प्लास्टिक नव्हतं, पण रिकामी क्रेट परत येईपर्यंत नवा माल भरता येत नव्हता. खप वाढला, मार्जिन आटलं, ₹5 टिकले नाहीत.

रकानेभरती
साखर कमी केली तर कर कमी लागतो का?

ताळेबंद
भारतात नाही. शुगर-फ्रीलाही तोच 40 टक्के. ब्रिटनमध्ये एप्रिल 2018पासून 100 मिलीत 5 ग्रॅमवर साखर असेल तर लिटरला 18 पेन्स आणि 8 ग्रॅमपासून पुढे 24 पेन्स कर लागला. फँटा कर लागू होण्याआधीच 5 ग्रॅमच्या खाली आणला. मूळ कोकची चव मात्र बदलली नाही, 1.75 लिटरची बाटली दीड लिटरची केली. कराची रचना बदलली की धोरण कसं बदलतं, हे दाखवायला ही जोडी पुरे.

विहिरीचा_काठ
पाण्याचा मुद्दा येईलच, म्हणून एक दुरुस्ती आधीच. 'न्यायालयानं प्लाचीमडाचा कारखाना बंद केला' असं उत्तरांत सर्रास लिहितात. ते चूक आहे. केरळच्या पालक्काड जिल्ह्यातला कोका-कोलाचा हा कारखाना 2000मध्ये सुरू झाला, 2003मध्ये ग्रामपंचायतीनं परवान्याचं नूतनीकरण नाकारलं, मार्च 2004पासून उत्पादन थांबलं. 2005मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं जमिनीतलं पाणी दिवसाला 5 लाख लिटर उपसायला उलट परवानगी दिली. कारखाना तरीही उघडला नाही. 2017मध्ये कंपनीनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की तिथे पुन्हा उत्पादन करायचा विचार नाही. कायद्यानं दार उघडलं होतं, गावानं नाही. हे सहापैकी कुठल्या रकान्यात बसवायचं, ते मुलांनाच विचारा.