मदत हवी आहे: सायकलवरून जुनं ठाणं, रस्ता सुचवा

नमस्कार मंडळी,

आठवीतल्या भाचीला रविवारी पहाटे सायकलवरून जुनं ठाणं दाखवायचं आहे. तिची सायकल गिअरची नाही, पण पोरगी दमाची पक्की आहे.

मासुंदा तलावापासून सुरुवात, लगेच कौपिनेश्वराचं दर्शन. तिथून टेंभी नाक्याकडे, १८७९ सालचं ज्यू प्रार्थनास्थळ बाहेरून बघू. मग किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. आता तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आत जाता येणार नाही, पण रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या मुलांनाही हा इतिहास माहीत नसतो याचं मला फार वाईट वाटतं. शेवटी स्टेशन: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथेच आली.

जांभळी नाक्याचा बाजार किती वाजता गजबजतो? मंदिरापाशी सायकली कुठे लावाव्यात? किल्ल्याची तटबंदी कोणत्या बाजूने नीट दिसते?

घोडबंदर किल्लाही तिला बघायचा आहे. पण रस्त्यावरच्या अवजड गाड्यांच्या गर्दीतून मुलीला सायकलवर न्यायला जीव धजत नाही. सायकली टेम्पोत टाकून कोणी गेलंय का? काय पैसे पडले?