डेव्हलपरला हवा तो लॅपटॉप कंपनीने द्यावा का?

नऊ जणांची टीम आहे आमची. लॅपटॉप बदलायची वेळ आलीये आणि वरून निरोप आलाय: सगळ्यांना एकच मॉडेल, ८ जीबी रॅम, विंडोज. गेली तीन वर्षं मी अशाच मशीनवर काढलीत. आयडीई (कोड लिहायचं ॲप), ब्राउझर आणि डॉकरचे दोन कंटेनर (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट वेगळा चालवणारे डबे) एकदम चालू केले की रॅम संपते, स्वॅपिंग म्हणजे रॅममधलं डिस्कवर हलवणं सुरू होतं, पंखा घोंघावायला लागतो आणि टाइप केलेलं अक्षर उमटेपर्यंत मी स्क्रीनकडे बघत बसते. पूर्ण बिल्डला, म्हणजे कोडमधून चालणारं ॲप तयार व्हायला, ११ मिनिटं. तेवढ्यात डोक्यात जुळवून आणलेलं सगळं विस्कटतं. बिल्ड वाचवायचा म्हणून मी चार-चार बदल एकत्र तपासायला लागले. मागच्या आठवड्यात त्यातल्या नक्की कुठल्या बदलाने लॉगिन मोडलं हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. मशीन आम्हाला निवडू द्या, असं मॅनेजरला सांगणार आहे. चुकीचं मागतेय का?

प्रतिसाद १
अजिबात नाही. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या जोएल स्पोल्स्कीने २००० साली टीम पारखायला १२ प्रश्न मांडले होते. त्यातला नववा हाच, की पैसे टाकून मिळतील ती सर्वांत चांगली साधनं तुम्ही वापरता का. बिनधास्त माग.

प्रतिसाद २
मी मशीन सांभाळणाऱ्यांपैकी आहे, म्हणून आमची बाजू. प्रत्येक लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करायची (किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये म्हणून), पॅच म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या वेळेवर चढवायच्या, हरवला तर लांबूनच डेटा पुसायचा. नऊ जणांनी नऊ प्रकार आणले तर हे नीट होणार नाही, आणि एखादा बंद पडला की बदली मशीन द्यायला कपाटात काही नसेल. दोन-तीन मॉडेल ठरवा, त्यातून ज्याने त्याने निवडावं. आणि ८ जीबीला मात्र मीच विरोध करेन.

प्रतिसाद ३
मॅक मागणार असाल तर एक सांगून ठेवतो. २०२० च्या शेवटी ॲपलची एम१ चिप असलेला मॅक आला, मी हट्टाने घेतला. त्यावर बनवलेली डॉकर इमेज (ज्यातून कंटेनर चालू होतो तो साचा) आमच्या इंटेलच्या सर्व्हरवर चढवली आणि कंटेनर उठेचना: ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. मॅकची चिप एआरएम प्रकारची, सर्व्हरची एक्स८६, आणि एकीसाठी बनवलेला प्रोग्राम दुसरीवर थेट चालत नाही. बिल्डच्या कमांडमध्ये प्लॅटफॉर्म लिहिल्यावर सुटलं, पण त्या दिवसाचं रिलीज हुकलं. मशीन अजूनही तेच आहे आणि मी ते सोडणार नाही. फक्त आधी एकाने महिनाभर वापरून बघा. आयफोनचं ॲप करणाऱ्यांना तर पर्यायच नाही, त्यासाठी लागणारं एक्सकोड मॅकवरच चालतं.

मूळ प्रश्न विचारणारी
खूप आभार. काल टीममधल्या एकाचं ३२ जीबीचं स्वतःचं मशीन मागून घेतलं आणि तोच बिल्ड लावला: चार मिनिटं. आता माझी मागणी बदललीये. रॅम सगळ्यांना ३२, त्याला पर्याय नको. लिनक्स की मॅक हे ज्याचं त्याने दोन मॉडेलमधून ठरवावं, आणि एक मशीन कपाटात जादा. प्रतिसाद २, आयटीच्या मंजुरीसाठी एन्क्रिप्शनबद्दल नेमकं काय लिहून देऊ?