"विमा देतो की!": सुपरहिरोंनी मोडलेलं शहर पुन्हा उभं करायला काय काय लागतं?

गोदाकाठ_सिव्हिल
कॉलेजरोड_फॅन यांनी काल लिहिलं, "सुपरहिरो सिनेमातली नासधूस मोजत बसणं हा रिकामा उद्योग आहे. इमारत पडली, विमा पैसे देतो, पुन्हा बांधतात. न्यूयॉर्क असो की नाशिक." तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण या एका वाक्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही सिनेमांतूनच आपल्या डोक्यात बसल्या आहेत. म्हणून वेगळा धागा.

पहिली चूक "पडली" या शब्दात. पडलेली इमारत हा त्यातल्या त्यात सोपा प्रश्न. अवघड असते ती अर्धी जखमी होऊन उभी राहिलेली. 'द अव्हेंजर्स' (२०१२) मध्ये ते अजस्र प्राणी मॅनहॅटनच्या इमारतींना घासत जातात. त्यातल्या बहुतेक इमारती पडत नाहीत. आता त्या प्रत्येकीचा प्रत्येक कॉलम तपासा: आधी रिबाउंड हॅमर (ठोकून कडकपणा बघायचा), मग अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतल्या भेगा), शंका आली तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटची गोल कांडी, कापून प्रयोगशाळेत. जिथे आग लागली तिथे काँक्रीटचा रंग बघा. साधारण ३०० अंशांपुढे ते गुलाबी पडू लागतं, ६०० च्या पुढे पांढुरकं. आणि ६०० अंशांच्या आसपास सळईची निम्मी ताकद गेलेली असते. बाहेरून गिलावा धड दिसतो, म्हणून लोक आत राहायला जातात.

खरं उदाहरण घ्या. ११ सप्टेंबर २००१ ला पडलेल्या टॉवर्सचा सुमारे १८ लाख टन ढिगारा मे २००२ अखेर उचलून झाला. शेजारची १३० लिबर्टी स्ट्रीटची बँकेची इमारत मात्र पडली नव्हती. तिला वरपासून खाली भगदाड पडलं होतं, आत विषारी धूळ आणि बुरशी. ती मजल्यामागून मजला उतरवण्याचं काम २०११ मध्ये संपलं. पडलेलं नऊ महिन्यांच्या आत साफ झालं आणि उभं होतं त्याला जवळपास दहा वर्षं लागली.

दुसरी चूक राडारोड्याची. नोएडाचे जुळे टॉवर २८ ऑगस्ट २०२२ ला पाडले. सुमारे ३,७०० किलो स्फोटकं, काही सेकंदांचा खेळ, आणि मागे सुमारे ८०,००० टन राडारोडा. हायवा, म्हणजे मोठा डंपर, १६ टनांचा धरला तर ५,००० खेपा. आणि ते नियोजित पाडकाम होतं. कॉलमना भोकं पाडून स्फोटकं भरलेली, वरून जाळी आणि जिओटेक्स्टाइलचं जाड कापड गुंडाळलेलं, आसपासचे रहिवासी हलवलेले. सिनेमात याच्यातलं काहीच झालेलं नसतं. काँक्रीट, काच, वायरी, गॅसच्या नळ्या, कुणाची कागदपत्रं आणि माणसं, सगळं एकाच ढिगात. असा ढीग जेसीबीने ओढता येत नाही, हाताने उतरवावा लागतो.

तिसरी चूक विम्याची. त्यावर माझ्यापेक्षा इथले जाणकार बोलतील.

कॉलेजरोड_फॅन
वाक्य माझं आहे, तर उत्तरही मीच देतो.

तुम्ही सगळं मोजलंत, फक्त एक बाजू सोडलीत. नायक आलाच नसता तर काय झालं असतं? त्याच २०१२ च्या सिनेमात मॅनहॅटनवर अण्वस्त्र सोडलेलं आहे आणि ते वळवून नेतो तो नायकच. मग १३० लिबर्टी स्ट्रीटशी तुलना कशाला, अख्ख्या बेटाच्या राखेशी करा.

दुसरं, सिनेमाने स्वतः हिशोब दिलेला आहे. 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' (२०१६) मध्ये बळींचे आकडे पडद्यावर येतात: न्यूयॉर्क ७४, वॉशिंग्टन २३, सोकोव्हिया (हा काल्पनिक देश) १७७, लागोस २६. त्यावरून नायकांना आवरायला ११७ देशांचा करार होतो, अव्हेंजर्सचा संघ फुटतो. आणि तुम्ही पुन्हा मोजायला बसलात. २०१२ मध्येच आपत्तीची गणितं करणाऱ्या एका कंपनीने १६० अब्ज डॉलर असा अंदाज काढला होता, तोही सगळ्या फॅन मंडळींनी वाचलेला आहे. मोजून झालंय सगळं.

गोदाकाठ_सिव्हिल
अण्वस्त्राचा मुद्दा मान्य. नाइलाजाने, पण मान्य.

७४ मात्र मान्य नाही. कामाच्या दिवशी, दिवसाढवळ्या, मिडटाउनमध्ये, दर्शनी काचा रस्त्यावर कोसळत असताना ७४? साध्या काचेचे तुकडे विसाव्या मजल्यावरून येतात तेव्हा ते सुऱ्या असतात. हा आकडा लेखकाने कथेला पेलेल इतकाच ठेवला आहे. मोजलेला नाही, निवडलेला आहे.

विमावाचक
"विमा देतो" हे वाचून राहवलं नाही. पॉलिसीचा कागद समोर ठेवून बोलूया. अमेरिकेचं सोडा, हीच मारामारी उद्या आपल्या नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर झाली असं धरा.

छोट्या दुकानदारांकडे २०२१ पर्यंत वर्षानुवर्षं चालत आलेली जुनी फायर पॉलिसी म्हणजे स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स, आग आणि ठरावीक इतर धोक्यांची. त्यात "इम्पॅक्ट डॅमेज" आहे, पण ते रेल्वे किंवा रस्त्यावरचं वाहन अथवा जनावर थेट धडकलं तर. भिंतीतून आरपार गेलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. उलट घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत बाहेरची कुठलीही वस्तू आदळली तरी चालते. म्हणजे एकाच इमारतीत वरच्या फ्लॅटला भरपाई आणि जुनी पॉलिसी असलेल्या खालच्या दुकानाला नकार, हे शक्य आहे.

आता मोठी अट. युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूचं कृत्य, युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो, हे सगळं दोन्ही पॉलिसींत वगळलेलं आहे. त्या सिनेमातल्यासारखं आकाशात भोक पडून सैन्य उतरलं तर त्याला आक्रमण नाही तर काय म्हणणार? दहशतवाद म्हटलं तर गृह रक्षामध्ये तो धरलेला आहे, फायर पॉलिसीत वेगळा प्रीमियम भरून घ्यावा लागतो. २००१ नंतर जगभरच्या पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांनी, या जोखमीतून अंग काढून घेतलं, म्हणून आपल्याकडे २००२ मध्ये जीआयसी या सरकारी पुनर्विमा कंपनीकडे त्याचा सामाईक निधी करावा लागला. खलनायक आक्रमक की दहशतवादी, या एका शब्दावर शहराचं दिवाळं निघतं की नाही ते ठरेल. न्यूयॉर्कमध्ये दोन विमानं ही एक घटना की दोन, यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली, कारण एका घटनेचीच मर्यादा साडेतीन अब्ज डॉलरच्या वर होती.

आणि राडारोडा? जुन्या फायर पॉलिसीत तो उचलायला दाव्याच्या १ टक्का, गृह रक्षामध्ये २ टक्के. ५० लाखांचा दावा असेल तर दुकानदाराला ५० हजार. ४०० टन माल निघाला तर हायवाच्या २५ खेपा, वर जेसीबी, मजूर, गॅसकटर. बसवून दाखवा ५० हजारांत.

पिंपळगाव_ट्रान्सपोर्ट
यात धंद्याच्या खोळंब्याचं कुणीच बोलत नाही. आपल्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाचा एक पिलर कुणी लाथेने हलवला असं धरा. पूल पडत नाही, फक्त पिलरवरचं बेअरिंग, म्हणजे पूल टेकतो ती बैठक, सरकतं. तरी वरची वाहतूक बंद, जॅक लावून दोन पिलरमधला गाळा उचलेपर्यंत सगळं सर्व्हिस रोडवर. फेब्रुवारी-मार्चात द्राक्षाच्या गाड्या मुंबईकडे निघतात. प्रीकूलिंग करून, म्हणजे आधी थंड करून, भरलेला माल दोन दिवस उन्हात अडकला की मणी गळतात, देठ सुकतात, निर्यातीचा माल लोकल बाजारात टाकावा लागतो. ही भरपाई कोण देतं?

विमावाचक
कुणी नाही. नफ्याच्या नुकसानीची पॉलिसी वेगळी असते आणि ती चालू होते ती विमा घेतलेल्या जागेलाच झळ पोहोचली तर. तुमचं कोल्ड स्टोरेज शाबूत आणि रस्ता बंद, तर हातात काही येत नाही. "प्रिव्हेन्शन ऑफ ॲक्सेस", म्हणजे जागेपर्यंतची वाट बंद झाल्याची, ही जोड आधी मागून घेतलेली असेल तरच. बहुतेक जण मागत नाहीत.

रेंडरबाबू
पडद्यावर हे चुकीचं का दिसतं ते सांगतो, कारण इथे सगळा दोष लेखकांवर चाललाय.

इमारत फोडायची तर आधी तिच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलचे व्होरोनॉय पद्धतीने तुकडे करतात. बिंदू विखुरायचे, प्रत्येक बिंदूभोवती एक तुकडा. मग तुकड्यांमध्ये बंध टाकायचे आणि किती बळाला बंध तुटेल तो आकडा द्यायचा. धूळ वेगळ्या सिम्युलेशनमध्ये, बारीक खडे तिसऱ्यात. तुकडे फार मोठे ठेवले तर इमारत बिस्किटासारखी तुटते, फार बारीक केले तर वाळूसारखी ओघळते आणि मशीन बसतं. सळया मात्र क्वचित टाकतात, कारण वाकणारी सळई आणि तिला लटकलेला काँक्रीटचा तुकडा यांचं गणित कडक तुकड्यांपेक्षा कितीतरी महाग आणि चंचल आहे. एक सळई थरथरायला लागली की अख्खा शॉट पुन्हा चालवावा लागतो. शिवाय आत स्लॅब, कपाटं, पलंग बनवलेले नसतात. कॅमेऱ्याला दिसतात तेवढेच दोन-तीन मजले भरतात.

गोदाकाठ_सिव्हिल
हेच तर म्हणतोय! आरसीसीमध्ये, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या बांधकामात, चौरस फुटाला साधारण चार किलो सळई असते. दहा हजार चौरस फुटांच्या इमारतीत ४० टन. तीच नाहीशी केलीत म्हणून प्रेक्षकाला वाटतं की तुकडे पडले, झाडून घेतलं, संपलं. खऱ्या ढिगाऱ्यात वेळ जातो तो या सळयांत. प्रत्येक ताणलेली सळई कापताना उसळते, वरचा स्लॅब हलतो, खाली माणूस जिवंत असेल तर त्याच्यावर येतो. आणि टॉवर अख्खा आडवा होऊन शेजारच्यावर टेकतो ते दृश्य बंद करा आता. खालचे कॉलम गेले की तो तिरकेपणा पेलूच शकत नाही, बहुतेक वजन खालीच येतं.

रेंडरबाबू
तुम्ही बंद करा म्हणून बंद होत नसतं. आडवा होणारा टॉवर दिग्दर्शक मागतो. सळयांचं मान्य, ती आमची पळवाट आहे.

जुनेनाशिक
मॅनहॅटनचे टॉवर कशाला, आपल्याकडे दर पावसाळ्यात सुपरहिरोशिवाय इमारती पडतात. भद्रकाली, पंचवटी, सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्या. दरवर्षी धोकादायक वाड्यांच्या नोटिसा निघतात, महापालिका कायद्याचं कलम २६४ लिहिलेला कागद दाराला चिकटतो आणि मालक-भाडेकरू वादात तो तिथेच भिजतो. त्यावर धागे निघत नाहीत.

वाडा का पडतो ते तरी माहीत असू द्या. जोतं काळ्या दगडाचं, ते शंभर वर्षं हलत नाही. वर विटा-मातीची भिंत आणि सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे पाणी मुरतं आणि ते आतून कुजतं. बाहेरचा भाग ठणठणीत दिसतो. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, असेल तर फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर वजन. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला, म्हणजे आपल्या पुराच्या खुणेला, पाणी लागलं की सगळे फोटो काढायला धावतात. काठच्या वाड्यांच्या भिंतींत पाणी शिरलेलं असतं आणि पूर ओसरल्यावर, ऊन पडल्यावर, माती आकसते तेव्हा भिंत सुटते.

कॉलेजरोड_फॅन
धागा सिनेमाचा आहे. वाड्यांसाठी महापालिकेत जा.

जुनेनाशिक
"इमारत पडली, विमा देतो, न्यूयॉर्क असो की नाशिक", हे नाशिकचं नाव तुम्हीच घेतलंत. भाडेकरूच्या नावावर इमारत नाही, म्हणून इमारतीचा विमा त्याचा नाही. मालकाला जागेचे पैसे हवेत, वाड्याचे नकोत. सागवान आणि भंगाराच्या किमतीवर पाडणारा ठेकेदार उलट मालकाला पैसे देतो. भाडेकरूच्या हातात पंचनामा. आणि तुम्ही "परत बांधतात" लिहिता! कोण बांधतं? नाव सांगा.

कॉलेजरोड_फॅन
आवाज चढवू नका. मी वाड्यांबद्दल काहीही म्हटलेलं नव्हतं.

गोदाकाठ_सिव्हिल
दोघंही थांबा. जुनेनाशिक यांचं विषयाबाहेरचं नाही. सिनेमातही पहिला तुकडा पडतो तो जुन्या इमारतीचाच. 'रा.वन' (२०११) मध्ये लोकल थेट सीएसटीच्या इमारतीत घुसते. ती चुन्यातली दगडी चिनाई आहे. सिमेंटने भरली तर सिमेंट चुन्यापेक्षा कडक, ओल कोंडून धरतं आणि आजूबाजूचा जुना दगड फुटायला लागतो. चुना भिजवून मुरवायचा, थर सुकू द्यायचे, तसे कारागीर शोधायचे. तेवढ्या दृश्याची दुरुस्ती वर्षांत मोजावी लागेल.

विमावाचक
भाडेकरूंसाठी एक: घरातल्या सामानाचा विमा त्यांना स्वतःच्या नावावर घेता येतो, मालकाशी संबंध नाही. आणि दुकानदारांनो, रक्कम कमी लिहू नका. दुकानात ४० लाखांचा माल आणि विमा २० लाखांचा असेल तर १० लाखांच्या नुकसानीला ५ लाखच मिळतात. निम्मा विमा, निम्मी भरपाई, नुकसान कितीही लहान असो. गृह रक्षामध्ये ही कपात नाही.

कॉलेजरोड_फॅन
बरं. "विमा देतो" एवढे शब्द मागे घेतो. विमावाचक यांनी वाक्यावाक्याने दाखवलं, त्यापुढे बोलायला जागा नाही. बाकीचं मागे घेत नाही. सुपरमॅनच्या २०१३ च्या सिनेमावर अशीच टीका झाली आणि २०१६ च्या पुढच्या भागात शेवटची मारामारी ओसाड जागी नेऊन तिथे कुणी राहत नाही असं पात्रांच्या तोंडी घातलं. त्याने सिनेमा चांगला झाला का? लढाईला वजन येतं ते माणसं राहतात त्या गल्लीत ती होते म्हणून. तुमचा हिशोब दिग्दर्शकांना सगळं माळरानावर न्यायला लावेल.

गोदाकाठ_सिव्हिल
माळरानावर नेऊ नका. गल्लीतच लढा, पण पुढच्या भागात ती गल्ली दाखवा. 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' (२०१७) ची सुरुवात बघा. ढिगारा उचलायचं कंत्राट घेतलेला माणूस, त्याने गाड्या आणि माणसं आधीच लावलेली, आणि सरकारी खातं येऊन काम काढून घेतं. सगळा खलनायक त्या एका रद्द झालेल्या कंत्राटातून उभा राहतो. दहा टॉवर पाडून जे जमलं नाही ते तिथे जमलं.

कॉलेजरोड_फॅन
ते दृश्य मलाही आवडतं. पण ते एकच आहे, आणि एकच असलेलं बरं.

जुनेनाशिक
सिनेमाचं तुमचं चालू द्या. पाऊस तोंडावर आहे म्हणून सामाईक भिंतीच्या वाड्यांत राहणाऱ्यांसाठी लिहितो. शेजारचा वाडा उतरवायला घेतला तर आधी आपल्या बाजूने तिरके टेकू लावून घ्या, जमिनीशी ६० ते ७० अंशांत, खाली रुंद फळी, मातीवर थेट नाही. पाडणाऱ्याला वरून खाली उतरवायला सांगा, खालची भिंत दोराने ओढू देऊ नका. तड्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा, वर तारीख लिहा. काच तडकली की भिंत हलते आहे. त्या रात्री आत झोपू नका.