मदत हवी आहे: मुलीच्या वजनावरून नातेवाइकांचे टोमणे

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी सोळा वर्षांची, अंगाने भरलेली. मागच्या रविवारी घरी सत्यनारायण होता. तिने प्रसादाचा शिरा दुसऱ्यांदा घेतला, तर मोठ्या नणंदबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "जिभेवर ताबा नाही, दुसरं काय!" तिने द्रोण तसाच खाली ठेवला, हात ओढणीला पुसले आणि आत गेली. तेव्हापासून आमच्यासमोर जेवत नाही. शाळेचा डबा भरलेलाच परत येतो.

वजन जास्त म्हणजे संस्कार कमी, हे कुणी ठरवलं? आपल्याच पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 22.3च, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. आता यात संयमी कोण आणि हावरट कोण?

जास्त वजनाने मधुमेहाचा धोका वाढतो, हे मला मान्य आहे. म्हणून तर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही थायरॉइडची तपासणी लिहून देण्याआधी "आळस सोड" ऐकवलं.

कोथरूड-कर्वेनगर भागात पोरीला अपराधी न ठरवता बोलणारे आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? आणि नणंदबाईंना, नातं न तोडता पण ठामपणे, काय सांगू? गौरी-गणपतीला सगळे पुन्हा जमणार. लेक आत्तापासूनच म्हणतेय, "आई, मी नाही येणार."