मदत हवी आहे: खून इतका चोख जमलाय की खुनी सापडेना!

नमस्कार मंडळी,
रहस्यकथेचा पहिलाच प्रयत्न आहे आणि शेवटाशी येऊन गाडं अडलंय.

भाचा रात्री आठपर्यंत ऑफिसच्या पार्टीत, चाळीस जणांसमोर. मोबाईल घरी ठेवून दहाला मामांकडे जातो आणि उशीने त्यांचा जीव घेतो. (मामा साठीचे, संधिवाताने बेजार, पंखासुद्धा एकवर लावणारे.) मृत्यू संध्याकाळी सातचा वाटावा म्हणून एसी १६ वर, पहाटे पाचला बंद होईल असा टायमर, ठसे पुसून पसार. प्रेत साधारण तासाला एक अंशाने थंड होतं, गारठ्यात आणखी भराभर. म्हणजे वेळ मागे सरकणार. एवढा अभ्यास केलाय.

पण पकडायचा कसा? सध्या समोरच्या बाई नेमक्या तेव्हाच खिडकीत येतात. बायकोने वाचून "या बाईंना झोप येत नाही का?" एवढंच विचारलं. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, त्यातही योगायोगाने तपासाला मदत करायची नाही असं आहेच. काही सुचतंय का?

प्रतिसाद:
अभ्यास अर्धाच झालाय, आणि तेच तुमच्या पथ्यावर पडेल. गारठ्यात प्रेत लवकर थंड होतं, पण ताठरतं उशिरा. एरवी दोन-चार तासांत ताठरायला लागतं, बाराएक तासांत पूर्ण. सकाळी सातला प्रेत सापडलं तर तापमान एक वेळ सांगेल, ताठरपणा दुसरी. डॉक्टरांना तिथे खटकू द्या. फक्त त्यांना मोघमच बोलू द्या. "सात वाजून दहा मिनिटांनी" असं छातीठोक सांगणारे डॉक्टर कथेतच भेटतात.

आणि खरा धागा तुम्ही कंसात टाकून दिलाय! बऱ्याच रिमोटवर एसी बंद असला तरी आधीचा आकडा राहतो. पंखा एकवर लावणाऱ्या माणसाच्या खोलीत १६? भाच्याला ही सवय माहीतच नसावी, वर्षानुवर्षं तो मामांकडे फिरकलाच नाही. रोज चहा घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याला मात्र माहीत असेल.

धागाकर्ता:
अहो, ते पंख्याचं वाक्य पाल्हाळ वाटून परवाच कथेतून उडवलं होतं! परत घालतो. आता पहिल्या पानावर घालू की शेजाऱ्याच्या तोंडी? पहिल्यावर घातलं तर वाचकाला आधीच वास लागेल अशी भीती वाटते.