खासगी खारजमिनीवर कोळंबी तलाव: कांदळवनाचा हिशेब कसा धरावा?

प्रश्न (कराड):
गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या काठी माझ्या मामांची खासगी खारजमीन आहे. भातशेती सुटून बरीच वर्षे झाली, बांध फुटला आणि आत कांदळ (खारफुटीची झाडे) वाढले. मामेभावाला ती मोकळी करून व्हेनामी कोळंबीचे तलाव काढायचे आहेत, कारण कराड-सांगलीकडे कोळंबीला गिऱ्हाईक आहे. तलावाचे उत्पन्न कागदावर मांडता येते; त्याच कागदावर झाडांचा फायदा कसा मांडावा?

उत्तर (सांगली):
आधी कायदा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात, जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी, कांदळतोडीवरील राज्यव्यापी बंदी कायम ठेवली आहे. तेव्हा जमीन मोकळी करण्याचा पर्याय उरत नाही. झाडे नसलेल्या जागी तलाव काढायचा तरी तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी लागते.

आता हिशेब. समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळाच्या मुळांच्या आडोशाला वाढतात आणि मोठी होऊन समुद्राकडे परततात. बोय आणि खेकडे यांनाही हाच आडोसा लागतो. म्हणजे मामांच्या जमिनीतले पीक दुसऱ्याच्या जाळ्यात निघते. तलावाचा नफा एका सातबाऱ्यावर दिसेल, पण तूट सोसतील ती ज्यांच्या नावावर सातबारा नाही अशी खाडीवरची माणसे. शिवाय व्हेनामीच्या खाद्यात मासळीचीच भुकटी असते, हेही खर्चाच्या बाजूला लिहावे. कांदळामुळे काठाची धूप थांबते, त्याचे मोल मात्र काठ ढासळू लागल्यावरच कळते.

उत्तर (पाटण):
हे सर्व मान्य. परंतु जमीनमालकाने इतरांसाठी फुकट राखण किती काळ करावी, याचे उत्तर वरील हिशेबात नाही. झाडे न तोडता उत्पन्न देणारी गोष्ट म्हणजे खाडीच्या पाण्यात दोऱ्यांवर वाढवलेले शिंपले, विशेषतः शिणाणे, कारण त्यांना विकतचे खाद्य लागत नाही. ते पाणी गाळूनच पोट भरतात. अडचण आमच्याच भागातून जाते. कोयनेचे वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवलेले पाणी, ज्याची कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी आहे, पोफळी-कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठी नदीत उतरते आणि तिच्यातून याच दाभोळ खाडीत येते. त्यामुळे चिपळूणच्या बाजूला पाण्याचा खारेपणा उन्हाळ्यातही कमी राहतो. शिणाण्यांना खारे पाणी हवे, म्हणून जागा खाडीच्या मुखाकडची पाहावी.

प्रश्नकर्ता (कराड):
जमीन मुखापासून फार आत नाही. तर मग लगेच दोऱ्या सोडाव्यात का?

उत्तर (सांगली):
लगेच नको. या खाडीत औद्योगिक सांडपाणीही येते, आणि शिंपले पाणी गाळताना त्यातील जड धातू अंगात साठवतात. तेथे आपोआप वाढलेल्या शिंपल्यांचे मांस प्रथम प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. खारेपणा भरती आणि ओहोटी दोन्ही वेळी मोजावा. अहवाल चांगला आला तर पावसाळा संपल्यावर बीज लावून पुढचा पाऊस लागण्याआधी माल काढता येईल, कारण पावसात खाडीचे पाणी गोडे होते.